साडेनऊ फूट

विट्याच्या शोरूममागं, उन्हात, पोरगा म्हणाला,
"हौदा आठ फुटी की साडेनऊ?
पंचेचाळीस हजारांचा फरक."

मांडवाचे बांबू बारा फुटी.
ते दोन्हींतून बाहेरच लोंबणार,
शेपटाला तेच लाल फडकं.
आमच्या बोळात, मुलाणींच्या ओट्याशी,
आठ फुटीसुद्धा दोनदा मागं घेऊन वळते.
लांब घेतली तर ती राहणार नाक्यावर,
आणि रात्रभर माझे कान तिकडं.

हिशेब सरळ होता.
शैलानं डायरीत आठला गोल केला.

मग दस्तगीर चपला काढून आठ फुटीत चढला.
"इथं जनरेटर. इथं कनाती. हंडे इथं,"
आणि उरलेल्या जागेत आडवा झाला
गुडघे पोटाशी घेऊन,
जसा चौदा वर्षं झोपतोय
लग्न उरकल्यावर, पहाटे तीनला,
पलूस ते विटा.

पोरगा हसला.
दस्तगीरही हसला, पडल्या पडल्या.

मी साडेनऊच्या हौद्यावर हात ठेवला.
पत्र्यानं चटका दिला.

शैलानं डायरी मिटली.
"नाक्यावर लावायची तर," म्हणाली,
"साखळी-कुलूप वेगळं लागंल."