मागे घ्यायचं बटण

आग्रा रोडवर सुराणाने काउंटरवर तीन डबे मांडले.
पहिला नुसत्या काचेचा, कॅल्क्युलेटरपेक्षा जरा रुंद.
त्यात घोडा म्हणजे एक राखाडी डाग
आणि उंट म्हणजे दुसरा राखाडी डाग.
दुसरा लाकडी, मखमलीत बसवलेला.
किंमत ऐकल्यावर मी त्याला हात न लावता
छान आहे म्हणालो.
तिसरा प्लास्टिकचा. प्रत्येक घराला भोक,
प्रत्येक सोंगटीला खाली खिळ्याएवढा पाय.

"कोणासाठी? मुलासाठी?"
मी हो म्हणालो.
मुलगा त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि समोर उभा आहे,
हे सांगितलं नाही.

तिसरा उचलला, आडवा केला, उलटा केला,
सांगवी सोडल्यावर रस्ता गाडीला करतो
तसा गदागदा हलवला.
राजा हलला नाही.
वजीर हलला नाही.
एक पांढरं प्यादं तेवढं निसटलं
आणि मिक्सरच्या खोक्यांमागे गेलं ते गेलंच.
सुराणाने वीस रुपये कमी केले.

मग बाकीचं विचारलं.
सेल कुठले? पेन्सिल सेल.
म्हणजे आंबापाणीच्या टपरीवर मिळतील, बिडीबंडलांच्या शेजारी.
बंद केल्यावर डाव विसरतं का? नाही विसरत.
आवाज बंद होतो ना? शेजारी ड्रायव्हर झोपतात.
होतो.
आणि ज्याला काहीच येत नाही त्याने काय करायचं?
सुराणा म्हणाला, पहिल्या पायरीवर
ते मुद्दाम चुकतं.
हे ऐकून कसंतरीच वाटलं,
पण घेतलं.

रात्री नऊला मुक्कामी गाडी शाळेच्या भिंतीला लागते.
झुलालआप्पा बूट काढून पुढच्या बाकावर आडवे.
मी मागच्या सीटवर तिकीट मशीनचा हिशोब जुळवतो
आणि दुसरं मशीन काढतो.
काठावर दोन दिवे लागतात: ई आणि पाच.
त्याला हात नाहीत.
पॅसेंजरचं गाठोडं वर ठेवून द्यावं
तसं त्याचं प्यादं मीच त्या घरात ठेवतो,
माझ्याच विरुद्ध.
हरवलेल्या प्याद्याच्या जागी काडेपेटीतली अर्धी काडी.

चाल चुकली तर मागे घ्यायचं बटण आहे.
मी ते इतकं दाबलं की त्यावरचा बाण पुसला गेला.
तसं माझं अर्धं काम तेच,
गाडीमागे उभं राहून टॉर्च हलवायचा,
येऊ द्या, येऊ द्या, बस्स.

बाराव्या की तेराव्या मुक्कामाला
मी हत्ती उचलला होता, नुसता उचलला होता,
तर पुढून, अंधारातून,
"हत्ती ऱ्हाऊ दे. उंट काढ भो,
कव्हयना कोंडायेल शे."

मशीनचा आवाज बंद होता.
माझा चालू होता.
प्रत्येक चाल मी तोंडाने पुटपुटतो, हे मला
त्या रात्री कळलं.

सहा वर्षं एका गाडीवर.
आप्पा, तुम्हाला येतं?
"तू कव्हय इचारं?"

तेव्हापासून मी दिवे वाचतो, आप्पा चाल सांगतात.
उठून बसत नाहीत. पट बघत नाहीत. डोळे उघडत नाहीत.
आम्ही पाचव्या पायरीवर आहोत, तिथे ते मुद्दाम चुकत नाही,
आणि बहुतेक वेळा हरतो.
परवा मी सवयीने बटणाकडे बोट नेलं
आणि चाल मागे घेऊ का म्हणून विचारलं.
"रिव्हर्स घेवाले मांगे मानूस उभा लागस.
आठे कोन शे?"

काल डाव अर्धा राहिला. आप्पा घोरायला लागले.
काडी सातव्या रांगेत पोचली आहे.
अजून एक घर, आणि तिचा वजीर करायचा.
पण आमचा वजीर अजून पटावरच आहे
आणि डब्यात दुसरा नाही.
पहाटे साडेपाचला गाडी सुटेपर्यंत
खिसा चाचपतो आहे,
त्या भोकात बसेल असं काही सापडतं का.