उजव्या पायाचा गिअर

नाकाडे मिस्त्रीनं पोत्यावर तीन इंजिनं मांडली,
शंकरपटात बैल उभे करावे तशी, धुऊन, पुसून.
वडसा, आरमोरी रोड. मंडई होऊन तिसरा दिवस.
माझी गाडी भिंतीला टेकलेली, पोट रिकामं,
फ्रेममधून पलीकडची कोंबडी दिसते.

दोनदा बोअर केलं, साठ थौचा पिस्टन घातला.
तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाला,
"आता भिताडच नाई उरलं जी, कायले कोरू?"
वरून क्रँककेसला चीर.
तबल्याच्या शाईला जाते तशी, बारीक,
आधी कानाला कळते, मग डोळ्याला.

पहिलं कामठीच्या भंगारातलं.
तोच कारखाना, तेच साल, नंबर मात्र घासलेला.
"हे घ्याचं असन त आरटीओत तुमीच जा. मी नाई येत."

दुसरं डिझेलचं,
कुणाच्या तरी धानाच्या पंपावरून उतरवलेलं.
लिटरला सत्तर देते आणि दात हलवते.
चालू करून टाकीवर हात ठेवावा तसा त्याच्यावर ठेवला,
पाच मिनिटांत बोटं बधिर.
ही बोटं रात्री दहाला स्टेजवर लागतात.

तिसरं राजकोटचं.
नाव कुणी ऐकलेलं नाही, पण कोरं,
सहा महिन्यांची गॅरंटी, कागदावर, शिक्का मारून.
बटन दाबलं की सुरू.
तेल गळत नाही,
म्हणजे रात्री गाडी कुठं उभी होती
ते सकाळी जमिनीला सांगता येणार नाही.

डोळे मिटून ऐकलं.
शिलाई मशीन बोलते तसं बोलत होतं, सरळ,
सम कुठं येते तेच कळेना.
माझं जुनं ठेका धरायचं.
तीस हंगाम त्या ठेक्यावर गावं केली,
मागं डोमाजी क्लॅरिनेटवाला झोपलेला,
आमच्या दोघांच्या मध्ये डग्गा,
खड्डा आला की तो आपसूक वाजायचा.

मिस्त्री विडी विझवून म्हणाला, "मंग?"

मला पोर्ल्याच्या पुढची रात्र आठवली.
नाटक आटोपून परतताना, साडेतीन.
इंजिन बंद पडलं, त्याच्यासोबत लाइटही.
आणि लाइट जाता जाता रस्त्यावर तो दिसला होता,
बसलेला. घाई नसलेला.
किक मारायला उभं राहावं लागते.
आम्हाला उभं राहायचं नव्हतं.
डोमाजीनं क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली,
त्याला उचकी लागली होती, ती त्यानं गिळली,
मग दुसरी.
किती वेळ गेला, घड्याळ बघायला उजेड नव्हता.

"तिसरं," मी म्हणालो. "बटनवालं."

भोकं दोन सुतांनी जुळेनात,
लेथवर पट्ट्या करून घेतल्या.
आरटीओच्या पुस्तकात चेसिस तोच राहिला,
इंजिन नंबरावर एक आडवी रेघ.
जुनं इंजिन कंपनीच्या गड्यानं मागून नेलं,
आता पडद्याचा दोर त्याला बांधतात.

एकच गोष्ट मिस्त्रीनं शेवटी सांगितली,
पैसे मोजून झाल्यावर:
"गिअर आता डाव्या पायात हाये. उजव्यात ब्रेक."
म्हणजे दायाँ डाव्या हाती द्यायचा आणि डग्गा उजव्या,
पन्नाशी उलटल्यावर, रस्त्यात, बैलगाडीसमोर.
पहिल्याच दिवशी थांबायच्या जागी गिअर बदलला
आणि कुणाच्या तरी तणसाच्या ढिगात शिरलो.
डोमाजी उतरून तणस झटकत म्हणाला,
"मी एसटीनं येतो गड्या."

त्या रात्री दुसऱ्या अंकात, नायिकेच्या पदाला,
माझा हात अर्धी मात्रा पुढं गेला.
परत आणला, परत गेला.
ऑर्गनवरून गहाणे मास्तर चष्म्यावरून पाहायला लागले.
पडदा पडल्यावर विचारलं, "काय झालं रे?"

म्हटलं, रनिंग-इन आहे मास्तर.
पहिले पाचशे किलोमीटर
जरा सांभाळून घ्या.