ऐच्छिक

आठव्या सत्राचा फॉर्म एका पानाचा.
वर कॉलेजचं बोधचिन्ह, शाई जरा पसरलेली,
खाली विषयांची नावं, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन,
आणि ठळक अक्षरांत : कोणतेही दोन निवडावेत.

सात सत्रं सगळं आम्हीच ठरवलं,
कुठली भुकटी किती मिलिग्रॅम, कुठल्या बाकावर कोण,
आणि आता अचानक पोरांना विचारतो आहोत,
तुम्हाला काय हवंय?
वर्गात शांतता. देवगडच्या सड्यावर
दुपारी दोनला असते तशी,
जांभा तापलेला, एक टिटवी बोलत नाही.

मार्केटिंगला बेचाळीस.
साहजिक आहे. कुडाळ ते पणजी बाईक, बॅग, टाय,
एक तारखेला पगार.
सौंदर्यप्रसाधनांना एकतीस.
माझ्या विषयाला नऊ.

औषधसुरक्षा.
म्हणजे गोळी घशाखाली गेल्यावर
पाकिटावरचा मजकूर जिथे संपतो, तिथून पुढचं.
दहा झाले तरच वर्ग उघडेल, असा नियम.

नवव्या फॉर्मवर हर्षाली तारीने
शेजारी काहीतरी लिहून खोडलं होतं.
विचारलं, तर खिडकीबाहेरच्या काजूकडे बघत म्हणाली,
मॅडम, लावणीच्या दिवसांत आमच्याकडे
बांधावर येऊन लेप्टोच्या गोळ्या वाटतात.
काकीने घेतली चिखलाच्या हाताने,
घोटभर पाण्यावर,
आणि पेज पिऊन तिथेच आडवी झाली.
‘छातीत निखारो पडलो गो,’ चार दिवस हेच.
घरचे म्हणाले पित्त. शेजारणीने दृष्ट काढली.
पुढच्या आठवड्यापासून काकी गोळी घ्यायची,
हसून मान डोलवायची,
आणि पदराच्या गाठीत बांधायची.
भाद्रपदात ताप आला. ओरोसला नेली.

एवढं सांगून ती थांबली.
मग म्हणाली, तांब्याभर पाणी, मॅडम,
आणि अर्धा तास बसून राहायचं.
इतकंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी हे पंधरा वर्षं शिकवते आहे.
अन्ननलिकेचा दाह. दोन गुण.

ऑफिस बंद होता होता रेवण कुबल आला,
हातात शेवटचा फॉर्म.
मॅडम, चुकून तुमच्या विषयावर खूण झाली,
मला त्याच्या वरचा चौकोन हवा होता.
व्हाइटनर आहे?

ड्रॉवरमध्ये बाटली होती, नवी, सीलही न फोडलेली.
मी म्हटलं, संपलंय रे.

खोटं बोलण्याचा विषय मी कधी घेतला नव्हता,
त्यामुळे ते नीट वठलं नसावं.
तो ड्रॉवरकडे बघत राहिला.
मग म्हणाला, असू दे.
लिहायचं फार नसतं ना पण?

लिहायचंच असतं, मी म्हटलं नाही.

आम्हाला भांडारघराशेजारची खोली मिळाली,
तीन ते चार, पंखा एक,
बर्‍याच जुन्या बरण्या, लेबलं कसरीने खाल्लेली.
पहिल्या तासाला त्यांना सांगितलं,
या विषयात संशय घ्यायला शिकायचं,
पण आवाज न चढवता. माणसावर नाही, औषधावर.
आणि कधी कधी स्वतःवर.

मार्चमध्ये नमुन्याची नोंद भरायला दिली.
रुग्ण, औषध, काय झालं, कळवणारा कोण.
रुग्णाचं नाव लिहायचं नाही, आद्याक्षरं पुरेत.
हर्षालीने लिहिलं : सु. ता.
मग तारीख. मग गोळी.
मग बराच वेळ पेन टेकवलेलं.

खाली पुन्हा चौकोन होते.
बरे झाले. सुधारत आहेत. अजून त्रास आहे.
आणखी दोन-तीन, त्यांत एक शेवटचा.
हे चौकोन ऐच्छिक नसतात.

तिने कुठे खूण केली ते मी पाहिलं नाही,
मी फळा पुसत होते, पुसलेलाच.
रेवण तिच्या शेजारी बसला होता, त्याला दिसलं.
तो उठला, काही न बोलता बाहेर गेला,
आणि नळावरून बाटली भरून आणली,
गळ्यापर्यंत,
टोपण लावायलाही जागा नाही इतकी.