मोरी वजा करून

दहावी ब, शेवटचा तास.
फळ्यावर मी लिहिते:
एका आयताकृती खोलीचे क्षेत्रफळ एकशे ऐंशी चौरस फूट,
लांबी रुंदीपेक्षा तीन फुटांनी जास्त, तर
आणि सवयीने म्हणते, समजा.
समजा, रुंदी एक्स.
(आमच्या वेळी क्ष होता. कुठे गेला,
कुणी विचारलं नाही.)

तिसऱ्या बाकावरून दुर्वांकुर पेडामकर:
"बाई, का समजायचं?"

वर्ग हसतो. मीही, थोडी.
सत्तावीस वर्षं हा शब्द उच्चारतेय,
डस्टर झटकावं तसा,
आज पहिल्यांदा तो हातात घेऊन बघते.
समजा म्हणजे गृहीत धरा.
समजा म्हणजे समजून घ्या.
आपल्या भाषेनं दोन्ही कामांना एकच माणूस ठेवलाय
आणि पगारही एकाचाच.

"तसं नाही बाई. आजोबांना म्हणाले होते,
समजा, दोन वर्षं.
दोन वर्षं सायनला शिबिरात काढा,
मग काळाचौकीला नवी खोली.
मी शिबिरातच जन्मलो."
मग जरा थांबून, "ताईपण."

मी फळ्याकडे वळते.
फळ्याकडे वळता येणं
ही आमच्या धंद्यातली मोठी सोय.

एक्स वर्ग अधिक तीन एक्स वजा एकशे ऐंशी बरोबर शून्य.
अवयव पाडा. पंधरा आणि बारा.
एक्स बरोबर बारा, किंवा उणे पंधरा.
"पण रुंदी ऋण नसते, म्हणून..."
"उणे पंधरा त्याज्य!"
सगळा वर्ग एका सुरात, आरती संपल्यासारखा.

रुंदी बारा, लांबी पंधरा. घंटेला चार मिनिटं.
पुन्हा तोच हात वर.
"बाई, ही आमची खोली आहे.
फक्त मोरी वजा करायची राहिली."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत
कॅलेंडरच्या पानामागे नकाशा घेऊन आला.
आईच्या फॉल-पिकोच्या टेपनं मोजलेला.
रुंदी एकशे एकोणचाळीस इंच, लांबी एकशे अठ्ठ्याहत्तर.
भिंत एका बाजूला पोट काढून आत आलीय,
तिथे पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: अंदाजे.
गुणाकार बरोबर. हातचेसुद्धा बरोबर.
मग बारानं भागलं होतं त्यानं,
आणि खाली दोन रेघा मारून उत्तर:
दोन हजार एकसष्ट चौरस फूट.

"बाई, कागदावर केवढी मोठी आहे!"

चूक मला लगेच दिसली.
बोलले नाही.
डब्यातली पोळी संपेपर्यंत
ती खोली त्याच्याकडे राहू दिली.
मग म्हटलं, एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन काढ.
आता त्यात इंच बसव.
तो फरशीवर खडूनं आखत बसला.
पहिली ओळ बारा. दुसरी बारा.
पाचव्या ओळीला खडू थांबला,
मान वर न करता म्हणाला,
"एकशे चव्वेचाळीस."

समजणं असंच येतं बऱ्याचदा,
काहीतरी लहान होत जातं तेव्हा.
एकशे बहात्तरच्या जरा आत.
मोरी वजा केल्यावर एकशे साठच्या जरा आत.
आजोबांची कॉट, शिलाई मशीन
वजा करू का, त्यानं विचारलं.
नको म्हटलं. ते क्षेत्रफळात मोजत नाहीत.
"मग कशात मोजतात?"
घंटा झाली. खरंच झाली,
मी पळ काढला नाही.

पूर्वपरीक्षेत हेच गणित मुद्दाम घातलं.
आकडे तेच.
पेडामकरचा पेपर: समजा, रुंदी एक्स.
अक्षर स्वच्छ. अवयव बरोबर. बारा, पंधरा, एकक लिहिलेलं.
फक्त जिथे बाकी सगळ्यांनी "त्याज्य" लिहिलंय
तिथे ह्यानं लिहिलं होतं:
उणे पंधरा. सध्या ठेवायला जागा नाही.

अर्धा गुण कापला.
बोर्डात कापतील म्हणून.
तो अर्धा अजून माझ्याकडेच आहे.