एक वीत चार बोटं

नवीन पनवेल, सेक्टर अठरा, तिसरा मजला.
जेवणाच्या टेबलावर केतकीचा शाळेतला पृथ्वीगोल,
ज्यावर सोव्हिएत संघ अजून एकसंध आहे
आणि ऑस्ट्रेलियावर निळ्या शाईचा डाग.

रजई टाचायचा दोरा घेतला.
एक टोक आपल्या किनाऱ्यावर, अंगठ्याखाली,
दुसरं कॅल्गरीवर. ते गाव गोलावर छापलेलंच नाही,
पेन्सिलनं टिंब मीच केलं, ती गेली त्या आठवड्यात.

भिंतीवरच्या नकाशात ती पश्चिमेला राहते.
दोरा ताणला तर नाकासमोर उत्तरेला निघाला,
काश्मीर मागे टाकून, सैबेरिया चिरत, थेट ध्रुवावर,
आणि तिथे अडला.
ध्रुवावर पितळी स्क्रू आहे.

छत्तीस वर्षं भूमापक होतो.
झाडं, विहिरी, रातोरात उठलेली कुंपणं, एकदा रेडा,
साखळीला काय काय आडवं आलं.
स्क्रू पहिल्यांदाच.

दोरा उचलला, वरून नेला.
एक वीत, चार बोटं भरली.
प्रमाण लावलं : बारा हजार दोनशे किलोमीटर.
जुन्या सवयीनं साखळ्या काढल्या, तेहतीस फुटी,
बारा लाख तेरा हजार. आणे सोडून दिले.
विमान सरळ उडालं तर चौदा तास.
सरळ उडत नाही. तिकिटावर सत्तावीस,
त्यातले नऊ फ्रँकफुर्टच्या बाकावर
पिशवी पायांत धरून.
आणि घड्याळ साडेअकरा तास मागे,
आपलं रात्रीचं ताक, तिचा सकाळचा चहा.

उलव्याकडच्या खारीत मोजणीला गेलो होतो,
धावपट्टी तेव्हा नुसती कागदावर, लाल शाईत.
पोशीबाय घरत बांधावर उकिडवी बसलेली.
विचारलं, घरापासून शेत किती लांब?
म्हणाली, "दोन विऱ्या वरल्या का पोचलास."
मी लिहिलं, सहाशे चाळीस मीटर.
तिनं अर्धी विडी विझवून कानामागे ठेवली
आणि अंगठा दिला.
त्या सहाशे चाळीस मीटरला
आता विमानाची चाकं किती सेकंद घेत असतील,
हा हिशेब मी करत नाही.
येतो मला.

"कितीला आली?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं,
जणू मी कोथिंबीर आणलीय.
एक वीत चार बोटं, म्हटलं.
हात पुसत आली. दोऱ्यावर स्वतःची वीत ठेवली,
बांगडी गोलावर किणकिणली.
"वीत, आणि सहा बोटं. वर थोडं."
तुझा हात लहान आहे, मी म्हटलं.
"असू दे की."

जन्मभर बांधाबांधावर सांगत आलो,
सरकारी मोजणी तीच खरी,
हाताची मापं कोर्टात टिकत नाहीत.
भावाभावांना गप्प बसवलं या एका वाक्यानं.

दूधवाल्याच्या वहीचं मागचं पान उघडलं.
लिहिलं : समक्ष मोजणी केली, दोरा ताणून.
अंतर एक वीत चार बोटं.
खाली रेघ ओढली, थांबलो,
मग रेघेखाली :
सहधारकाची हरकत आहे.
दोन बोटं, वर थोडं.

सही कर, म्हणून वही पुढे सरकवली.
तिनं वही पाहिलीच नाही,
कॅल्गरीवरचं माझं बोट उचललं
आणि दोरा ओढून घेतला.
"रजई अर्धी राहिलीय माझी."