वाघिणी

ओढ्याच्या यार्डातली चार नंबर लाइन
डोळ्याला सपाट दिसते.
पहिल्याच दिवशी खैरनारकाकांनी
भरलेली बाटली घट्ट झाकण लावून
रुळावर आडवी धरली. म्हणाले, बुडबुडा बघ.
बुडबुडा जरासा घुटमळला
आणि मनमाडच्या अंगाला सरकला.
म्हणजे उतार नाशिक रोडकडे.
"चाकाला हे बाटलीवाचून कळतं."

मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात.
हे नाव ज्यानं कुणी ठेवलं
त्यानं एखादी सुटलेली पाहिली असावी,
बिनइंजिनाची, बिनआवाजाची,
आधी माणसाच्या चालीनं, मग सायकलच्या, मग

काका वाक्य तिथंच सोडायचे.

एकलहऱ्याला कोळसा ओतून
एकोणसाठ परत येतात. रिकाम्या जास्त उनाड.
दोन्ही टोकांना सहा-सहा हँडब्रेक,
चक्र फिरवायचं खांदा भरून येईतो.
मग साखळी, चाकातून, रुळाखालून, कुलूप.
किल्ली स्टेशन मास्तरच्या टेबलावर.
शेवटी बाभळीचा गुटका,
पायानं ढकलून नाही,
वाकून, हातानं,
चाक आणि रूळ यांच्या बेचक्यात.

आमच्या दिंडोरीकडे पाचर मारली म्हणजे
कुणाच्या तरी कामाचा विचका केला.
आईला म्हटलं, मी पाचर मारायचा पगार घेते.
हसली. मग म्हणाली,
शेजारी सांगत बसू नकोस.

काका रिटायर होऊन सटाण्याला गेले.
फोनवर जेवलीस का, विचारत नाहीत.
विचारतात, बांधल्यास का?

जानेवारीतली रात्र, निफाडकडून वारा,
तीनच्या सुमाराला लाकूड कण्हलं.
टॉर्च घेऊन धावले तर
चाक दोन बोटं गुटक्यावर चढलेलं,
साखळी ताणलेली, बाभळीत लोखंडाचा दात.
तिसऱ्या डब्याचा ब्रेक
नुसताच गोल फिरत होता, आत काही धरत नव्हता.
मीच फिरवला होता तो,
खांदा भरून येईतो.

पुढच्या दोन डब्यांचे ब्रेक आवळले.
नवा गुटका ठोकला.
मग उगाच चाकावर हात ठेवून उभी राहिले,
गाय शांत होईतो थांबतात तशी.
लोखंड गारठलेलं. माझाच हात थरथरत होता.

उजाडताना पंचवटी गेली शेजारून.
खिडकीत एक बाई डब्यातला पोहा
चमच्यानं फुंकत होती.
तिनं बाहेर पाहिलं नाही.

डायरीत लिहिलं:
लाइन चार, रेक जागेवर. हँडब्रेक एक नादुरुस्त.
गुटका एक बदलला.