जमिनीपासून दीड फूट

पुण्याहून आलेला पोरगा कॅटलॉग उघडतो.
पिवळ्या डब्यांचे फोटो, शेजारी पेन्सिलीनं किमती.
मालक म्हणतात, एक घेऊ. ऑफिसच्या दारावर लावू,
इन्स्पेक्टरला येता-जाता दिसेल असा.

मी फिटर. मला कोणी विचारलेलं नाही.
तरी म्हणतो, आधी वायू कुठला ते ठरवा.
ब्लीचिंगला क्लोरीन,
आणि काळा रंग धुतलेलं पाणी साठतं त्या टाकीत
दुसरा, सडक्या अंड्याचा.
दोन्ही हवेहून जड. दोन्ही खाली बसतात,
रातपाळी संपलेल्या माणसासारखे.

तीस वर्षं आमच्याकडे डिटेक्टर होता.
इरय्या गुर्रम.
दारातून आत येताच सांगायचा,
तिसऱ्या कॅबिनेटात हायड्रो जास्त पडलाय आज.
अक्कलकोट रोडवर म्हणायचे,
नाक असावं तर इरय्याचं.

एप्रिल होता. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.
इरय्या टाकीच्या झाकणाशी गेला, वास येतोय म्हणाला.
मग जरा वेळानं हात वर करून तेलुगूत ओरडला,
पोयिंदी!
गेला वास.
आम्ही हसलो. चहा सांगितला, चार हाफ.

वास गेला नव्हता.
नाक गेलं होतं.
हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस.
हे मला सिव्हिलच्या बाकावर कळलं,
तोवर चहा
कुणी ओतून दिला असेल.

म्हणून पोराला सांगतो, दारावर नको.
छताजवळही नको, तिथं हलके वायू जातात,
कोल्ड स्टोरेजचा अमोनिया वगैरे.
इथं लाव. गटारीच्या जाळीशी,
जमिनीपासून दीड फूट.

पोरगा टेप धरतो. बरोबर आहे काका,
पुस्तकातही एवढंच दिलंय.

पुस्तकाचं मला माहीत नाही.
या पायरीशी मांडी घालून इरय्या डबा उघडायचा.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
घासासाठी वाकला की
नाक इथवर यायचं.

एकच विचारतो, म्हणालो,
तुझ्या डब्याचं नाक मेलं
तर तो सांगेल का?
की दिवा हिरवाच ठेवून
गेला वास म्हणेल?

पोरगा खोटं बोलला नाही.
नेहमी नाही सांगत, काका.
महिन्यातून एकदा
बाटलीतला वायू हुंगवून बघावा लागतो.

मालक पहिल्यांदाच जाळीकडे बघत होते.

मग बाटली पण लिही, मी म्हणालो.
हुंगवायचं काम माझं.